एक्सएमएल उघडल्यावर पानाऐवजी कोड, कोरं पान किंवा चिकटलेला मजकूर दिसतोय? हे क्रमाने तपासा

साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी), फीड (नव्या लेखांची यादी) किंवा पुस्तकांची एक्सएमएल यादी, म्हणजे टॅगांमधे लिहिलेला डेटा, ब्राउजरमधे उघडली की कालपर्यंत छान टेबल दिसायचं आणि आज नुसता कोड दिसतोय किंवा पांढरंफटक पान, ही तक्रार माझ्याकडे सतत येते. मी छोट्या वेबसाइट्स सांभाळतो, वाचनालयं, दिवाळी अंकवाले, तालुक्याची न्यूज पोर्टल्स वगैरे. बहुतेक वेळा दुरुस्ती पाच-दहा मिनिटांचीच असते, पण तोपर्यंत लोकांनी घाबरून साइटमॅप उडवलेला असतो, प्लगिन बदललेलं असतं नाहीतर एक्सएमएल फाइल हाताने एडिट करून ठेवलेली असते. म्हणून आधीच सांगतो, डेटाला हात लावू नका, तो जवळजवळ कधीच बिघडलेला नसतो.

इथे दोन फाइल्स असतात एवढं डोक्यात ठेवा. एक डेटाची एक्सएमएल आणि दुसरी एक्सएसएल म्हणजे स्टाइलशीट. ब्राउजर पहिली फाइल वाचतो, तिच्यात वरती "या फाइलसाठी अमुक स्टाइलशीट वापर" अशी एक ओळ असते, मग तो दुसरी फाइल मागवतो, तिच्यातले नियम पहिलीवर लावतो आणि त्यातून एचटीएमएल पान तयार करून तुम्हाला दाखवतो. याला एक्सएसएलटी म्हणतात. म्हणजे बिघाड पहिल्या फाइलमधे असेल, दुसरीत असेल किंवा दोघींच्या मधल्या रस्त्यात असेल, आणि मला तरी जास्त वेळा तो रस्त्यातच सापडलाय.

अजून एक, साइटमॅपची सजावट गेली म्हणून गूगलवरून साइट गायब होणार नाही. गूगलचा बॉट, म्हणजे साइट्स वाचत फिरणारा प्रोग्राम, स्टाइलशीट बघतच नाही, तो सरळ एक्सएमएल वाचतो, ते टेबल फक्त माणसांसाठी असतं. पण स्क्रीनवर पार्सिंगची एरर, म्हणजे फाइल वाचतानाच अडकल्याची, आली असेल तर मात्र ती बॉटलाही नडते, तिथे उशीर करू नका.

आधी लक्षण नीट बघा

– टॅगांचं झाड दिसतंय आणि क्रोम वरती म्हणतोय की या फाइलला कुठलीही स्टाइल जोडलेली दिसत नाही: स्टाइलशीटची ओळ नाही, किंवा आहे पण चुकीच्या जागी आहे.

– पूर्ण कोरं पान: स्टाइलशीट अडवली गेली, सापडली नाही किंवा चालताना फुटली.

– हेडिंग दिसतंय, टेबलच्या वरच्या पट्ट्या दिसतायत पण आत एकही ओळ नाही: नेमस्पेस, म्हणजे टॅग कुठल्या घराण्यातला ते सांगणारं नाव. हे लक्षण दिसलं तर थेट सातव्या पायरीवर जा.

– सगळा मजकूर एकाला एक चिकटलेला, लिंका आणि तारखा सलग: याला तीन कारणं आहेत, खाली येतील.

– क्रोममधे गुलाबी चौकटीत किंवा फायरफॉक्समधे पिवळट पानावर एरर, लाइन नंबरसकट: एक्सएमएल लिहिण्यातच चूक आहे.

– फायरफॉक्स "एरर लोडिंग स्टाइलशीट" म्हणतोय: हे लक्षण सगळ्यात सोपं, कारण तो पुढे कारणही लिहितो.

– पान येतंय पण मजकुरात एचटीएमएलचे टॅग अक्षरशः दिसतायत, किंवा मराठीच्या जागी कचरा: पहिल्यासाठी आठवी पायरी बघा, दुसऱ्यासाठी नववी.

१. रिफ्रेश आणि दुसरा ब्राउजर

हसू नका, कंट्रोल धरून एफ५ दाबा. एक्सएमएल नवीन येते पण स्टाइलशीट ब्राउजरच्या कॅशमधली (साठवून ठेवलेली) जुनीच वापरली जाते असं खूप होतं, खासकरून प्लगिन अपडेट झाल्यावर. मग प्रायव्हेट विंडोमधे बघा, मग फायरफॉक्समधे बघा. एका ब्राउजरमधे दिसतंय आणि दुसऱ्यात नाही हे कळलं की अर्धं काम झालं, कारण दोघांची इंजिनं वेगळी आहेत. क्रोममधे लिबएक्सएसएलटी नावाची लायब्ररी चालते, फायरफॉक्सचं स्वतःचं वेगळं इंजिन आहे. आणि फक्त क्रोमच रुसला असेल तर त्याचा व्हर्जन नंबर टिपून ठेवा, पुढे लागेल.

२. फाइल डबलक्लिक करून उघडताय का?

अॅड्रेस बारमधे सुरुवातीला "फाइल" दिसतंय का बघा. दिसत असेल तर बाकी काही तपासूच नका. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलला क्रोम वेगळी, परकी जागा मानतो, त्यामुळे शेजारीच ठेवलेली स्टाइलशीटसुद्धा तो लोड करू देत नाही. फायरफॉक्स आधी देत होता पण २०१९ मधल्या ६८ व्या व्हर्जनपासून त्यानेही बंद केलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला अडकलेली मुलं मला विचारतात ना, की पुस्तकात दिलंय तसंच टाइप केलं तरी कोरं पान येतंय, त्यांचं नव्वद टक्के कारण हेच, पुस्तक जुनं असतं, कोड बरोबरच असतो.

उपाय म्हणजे लोकल सर्व्हर. पायथन टाकलेलं असेल तर त्याच फोल्डरमधे टर्मिनल उघडून पायथनचा आतलाच एचटीटीपी सर्व्हर एका कमांडने सुरू होतो आणि मग लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवर फाइल उघडायची. व्हीएस कोडमधलं लाइव्ह सर्व्हर एक्सटेन्शनही चालतं. नेटवर काही जण सांगतात की क्रोम सिक्युरिटी बंद करून चालवा, ते करू नका, मग तुमच्याकडे कुठूनतरी डाउनलोड झालेलं एखादं फालतू एचटीएमएल पान तुमच्या डिस्कवरच्या बाकीच्या फाइल्स वाचू शकतं.

३. स्टाइलशीटची ओळ आहे का, आणि तो पत्ता उघडतोय का

कंट्रोल यू दाबून सोर्स बघा. पहिल्या ओळीत एक्सएमएलचं व्हर्जन आणि एन्कोडिंग, तिच्याखाली प्रश्नचिन्हांमधली स्टाइलशीटची ओळ, आणि त्यानंतर मूळ टॅग, हा क्रम पाहिजे. ओळ मूळ टॅगच्या आत गेली की ब्राउजर तिला विचारत नाही. टाइपच्या जागी टेक्स्ट स्लॅश एक्सएसएल चालतं, सगळे ब्राउजर ते ओळखतात.

आता त्या ओळीतला पत्ता कॉपी करून नव्या टॅबमधे उघडा. स्टाइलशीटचा कोड दिसला तर ठीक. लॉगिन पेज आलं, होमपेज आलं, साइटचं नटवलेलं "पान सापडलं नाही" आलं, तर दोष सापडला. सिक्युरिटी प्लगिनने प्लगिन फोल्डरमधल्या फाइल्स बाहेरून उघडायला बंदी घातली की हे हमखास होतं.

४. पत्त्यातला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आणि एचटीटीपीएस

माझ्याकडच्या वर्डप्रेस साइट्सवर सगळ्यात जास्त वेळा सापडणारा बिघाड हाच, आणि तो नुसत्या नजरेला सापडत नाही कारण दोन्ही पत्ते वेगवेगळे उघडले तर छान उघडतात. साइटमॅप उघडलाय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून आणि आतल्या ओळीत स्टाइलशीटचा पत्ता आहे त्याच्याशिवाय, किंवा एक एचटीटीपीएसवर आणि दुसरा साध्या एचटीटीपीवर. आपल्यासाठी ती एकच साइट, पण ब्राउजर स्कीम, होस्ट आणि पोर्ट तिन्ही जुळले तरच एक घर मानतो, आणि परक्या घरची स्टाइलशीट नाकारतो. एफ१२ दाबून कन्सोल बघा, तिथे लाल अक्षरात दोन्ही पत्ते शेजारी शेजारी लिहिलेले असतात, त्यांचं अक्षर न् अक्षर ताडून बघा. मग सेटिंग्जमधले साइटचे दोन्ही पत्ते सारखे करा आणि दुसरं रूप पहिल्याकडे रीडायरेक्ट करा. स्वतः फाइल बनवत असाल तर पूर्ण पत्ता लिहूच नका, स्लॅशने सुरू होणारा छोटा पत्ता लिहा, म्हणजे डोमेन बदललं तरी चालत राहतं. सीडीएन (फाइल्स वेगळ्या सर्व्हरवरून पुरवणारी सेवा) लावल्यावर स्टाइलशीट वेगळ्या सबडोमेनवरून यायला लागते, तिथेही हीच गत, एक्सएसएल फाइल्स सीडीएनमधून वगळा.

५. लाइन नंबरसकट एरर असेल तर

एचटीएमएल चुका पोटात घालतं, एक्सएमएल घालत नाही, एक चूक झाली की थांबलं. आणि स्टाइलशीट हीसुद्धा एक्सएमएलच आहे, म्हणून हे नियम दोन्ही फाइल्सना लागू. नेहमीचे गुन्हेगार असे:

एरर म्हणते की एक्सएमएलची घोषणा (ती व्हर्जनची पहिली ओळ) फक्त सुरुवातीलाच चालते, आणि नंबर देते बहुधा लाइन दोन. म्हणजे फाइलच्या आधी एक रिकामी ओळ किंवा स्पेस निघतेय. वर्डप्रेसमधे ही ओळ कुठून येते तर थीमच्या फंक्शन्स फाइलच्या किंवा एखाद्या छोट्या प्लगिनच्या शेवटून. पीएचपीचा बंद करणारा टॅग आणि त्याच्यापुढे कोणीतरी दाबलेले एंटर. पीएचपी त्या ओळी इमानदारीत बाहेर पाठवतं, साध्या पानावर त्या कळत नाहीत, एक्सएमएलमधे मात्र सगळं मोडतं. ज्या फाइलमधे फक्त पीएचपी आहे तिच्या शेवटचा बंद करणारा टॅग काढूनच टाका, तो नसला तरी चालतं. कोणती फाइल हे कळत नसेल तर अलीकडे कोणती फाइल एडिट झाली ते आधी बघा, मग प्लगिन एकेक बंद करून बघा.

दुसरा गुन्हेगार म्हणजे सुटा &. "कथा & कविता" असं शीर्षक किंवा & असलेली लिंक. एक्सएमएलमधे तो सुटा चालत नाही, त्याचं एस्केप केलेलं रूप लागतं, म्हणजे त्या चिन्हापुढे एएमपी (छोट्या लिपीत) आणि सेमीकोलन. तिसरा म्हणजे एचटीएमएलमधून उचललेला नॉन-ब्रेकिंग स्पेसचा कोड, एक्सएमएलला तो नावाने माहीतच नसतो, त्याच्या जागी &#१६०; वापरा, फक्त आकडे इंग्रजी कीबोर्डचे. आणि स्टाइलशीटमधे उघडे सोडलेले बीआर, इमेज आणि मेटा टॅग, ते सगळे स्लॅशने बंद करावे लागतात.

६. सर्व्हर फाइल काय म्हणून पाठवतोय

एफ१२, नेटवर्क टॅब, रिफ्रेश, फाइलवर क्लिक, आणि कंटेंट टाइप बघा. एक्सएमएल फाइल टेक्स्ट एचटीएमएल म्हणून येत असेल तर ब्राउजर तिला साधं वेबपान समजतो, स्टाइलशीटची ओळ सोडून देतो, अनोळखी टॅग गिळतो आणि उरलेला मजकूर चिकटवून दाखवतो. चिकटलेल्या मजकुराचं हे पहिलं कारण. बरेचदा कॅश प्लगिन याला जबाबदार असतं, पहिल्यांदा बरोबर येतं आणि कॅशमधून आलं की एचटीएमएल. साइटमॅप आणि फीड कॅशमधून आणि मिनिफायमधून (फाइल आपोआप लहान करण्यातून) वगळा.

स्टाइलशीटचाही टाइप बघा. काही सर्व्हरना एक्सएसएल हे एक्सटेन्शन माहीतच नसतं, मग ते ती फाइल टेक्स्ट प्लेन किंवा नुसते बाइट्स म्हणून पाठवतात आणि फायरफॉक्स ती नाकारतो. अपाची सर्व्हरवर एचटीअॅक्सेस नावाच्या सेटिंगच्या फाइलमधे एका ओळीत टाइप जोडता येतो. दोन्ही फाइल्सना अॅप्लिकेशन स्लॅश एक्सएमएल दिलं की सगळीकडे चालतं. एचटीअॅक्सेसला हात लावायच्या आधी तिची कॉपी काढून ठेवा, तिथे एक अक्षर चुकलं तर अख्खी साइट ५०० ची एरर द्यायला लागते.

चिकटलेल्या मजकुराचं दुसरं कारण मजेशीर आहे. साइट मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असेल तर साइटमॅपमधे भाषांच्या जोडलिंका असतात आणि त्या एक्सएचटीएमएलच्या नेमस्पेसमधल्या असतात. फाइलमधे असे एलिमेंट दिसले की क्रोम टॅगांचं झाड दाखवत नाही, वेबपानासारखं दाखवायला जातो आणि मजकूर चिकटतो. म्हणजे फाइल ठणठणीत आहे, फक्त स्टाइलशीट जोडलेली नाही किंवा चाललेली नाही. यावर "साइटमॅप करप्ट झालाय" म्हणून पैसे उकळलेले मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

७. नेमस्पेस

आता थोडं खोल. साइटमॅपच्या मूळ टॅगवर एक्सएमएलएनएस म्हणून साइटमॅप्स डॉट ऑर्गचा एक पत्ता लिहिलेला असतो. त्याचा अर्थ, आतले सगळे एलिमेंट त्या घराण्यातले, नावं जरी साधी दिसली तरी. स्टाइलशीटमधे तुम्ही नुसतं "यूआरएलसेट शोध" लिहिलं तर ब्राउजरमधल्या एक्सपाथच्या (एलिमेंटपर्यंतचा मार्ग लिहायच्या भाषेच्या) नियमाने त्याचा अर्थ होतो "कुठल्याच घराण्यात नसलेला यूआरएलसेट शोध". तसा एकही नाही, म्हणून काही सापडत नाही, आणि हे चूक नाही त्यामुळे एररही येत नाही. याच्यावर लोक रात्र रात्र घालवतात कारण कोड बघायला अगदी बरोबर दिसतो.

यातून दोन चित्रं निघतात. मुळापासूनचं टेम्प्लेट (टॅग कसा दाखवायचा तो नियम) असेल आणि आत यूआरएलवर लूप असेल, तर हेडिंग येतं, टेबलच्या पट्ट्या येतात आणि लूप शून्य वेळा फिरतो. मुळाचं टेम्प्लेट नसेल तर एक्सएसएलटीचे अंगचे नियम लागतात, ते सांगतात की ज्याला टेम्प्लेट नाही त्याच्या आत शिर आणि मजकूर दिसेल तो छाप, म्हणून सगळं चिकटून बाहेर पडतं. चिकटण्याचं तिसरं कारण हे.

दुरुस्ती: स्टाइलशीटच्या सगळ्यात वरच्या टॅगवर तोच पत्ता एका उपसर्गाला बांधा, समजा "एस", आणि प्रत्येक मार्गात प्रत्येक नावाआधी तो लावा, एस:यूआरएलसेट, त्याच्या आत एस:यूआरएल, त्याच्या आत एस:लोक (एल-ओ-सी). एका जरी पायरीला विसरलं तरी तिथून पुढे शून्य. आणि पत्ता अक्षर न् अक्षर तोच पाहिजे. इथे एक सापळा आहे, साइट एचटीटीपीएसवर नेताना लोक डेटाबेस आणि थीममधे सरसकट फाइंड-रिप्लेस मारतात आणि नेमस्पेसमधला एचटीटीपीसुद्धा एचटीटीपीएस होऊन बसतो. तो पत्ता उघडण्यासाठी नाहीच, ते नुसतं नाव आहे, त्यात एक एस वाढला की नाव बदललं. एक्सएसएलटीचा स्वतःचा १९९९ वाला पत्ता असा बदलला गेला तर ब्राउजर स्टाइलशीटला स्टाइलशीटच मानत नाही.

फीडमधेही हेच. आरएसएस २.० चे मूळ एलिमेंट कुठल्याच नेमस्पेसमधे नसतात, अॅटमचे २००५ च्या नेमस्पेसमधे असतात, म्हणून आरएसएससाठी लिहिलेली स्टाइलशीट अॅटमला लावून काही येत नाही, टॅगांची नावंही वेगळी आहेत.

८. नेटवरून किंवा एआयकडून घेतलेली स्टाइलशीट

ब्राउजरना फक्त एक्सएसएलटी १.० येतं, १९९९ चं. २.० आलं २००७ ला, ३.० आलं २०१७ ला, पण ब्राउजरांनी ते कधी घेतलंच नाही. त्यामुळे तारीख फॉरमॅट करणारं फंक्शन, ग्रुपिंगचा लूप, मजकूर तोडणारं टोकनाइज असं काही कोडमधे दिसलं तर ते ब्राउजरमधे चालणार नाही. तारखेसाठी सबस्ट्रिंगने पहिली दहा अक्षरं घ्या, ग्रुपिंगसाठी "की" (एक्सएसएल:की) वापरायची जुनी पद्धत आहे.

फायरफॉक्समधे लेखाच्या मजकुरात पॅराग्राफचे टॅग अक्षरशः दिसतात आणि क्रोममधे नीट दिसतं, तर स्टाइलशीटने आउटपुट एस्केपिंग बंद करणारं अॅट्रिब्यूट वापरलंय. फायरफॉक्स ते मानत नाही, कारण तो मजकूर छापून परत वाचत नाही, थेट पानाचं झाडच बांधतो. फीडच्या पानावर नुसतं शीर्षक, तारीख आणि लिंक दाखवा, काम भागतं.

९. मराठीचा कचरा

फाइल यूटीएफ-८ मधे सेव्ह आहे आणि पहिल्या ओळीतही यूटीएफ-८ लिहिलंय, दोन्ही जुळलं पाहिजे. मराठीच्या जागी मात्रा-टोप्या लावलेली लॅटिन अक्षरं दिसत असतील तर डेटा शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. पण प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर कोणीतरी नोटपॅडमधे एएनएसआय (मराठी न बसणारं जुनं एन्कोडिंग) म्हणून सेव्ह केलंय आणि मराठी गेलेलं आहे, बॅकअपच शोधा. आणि जुन्या वाचनालयांच्या याद्यांमधे अजून एक प्रकार सापडतो, मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीमधे टाइप केलेला. ती फॉन्टमुळे मराठी दिसणारी इंग्रजी अक्षरं आहेत, कुठलीही स्टाइलशीट त्याला वाचवणार नाही, आधी युनिकोडमधे कन्व्हर्ट करा.

१०. क्रोममधूनच काढलं गेलं असेल तर

गूगलने २०२५ मधे जाहीर केलंय की क्रोममधून एक्सएसएलटी काढणार. कारण सुरक्षेचं आहे, त्या जुन्या लायब्ररीत मेमरीच्या चुका निघत राहतात आणि वापर फार कमी उरलाय. जाहीर वेळापत्रकात नोव्हेंबर २०२६ चं, १५५ वं व्हर्जन दिलंय. म्हणून पहिल्या पायरीला टिपलेला नंबर बघा. तो १५५ किंवा त्याच्या पुढचा असेल आणि फायरफॉक्समधे सगळं नीट असेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही.

साइटमॅपसाठी मी तर काहीच करू नका म्हणेन, बॉटला फरक पडत नाही. पण लोक खरंच वाचतात अशी यादी असेल, जसं वाचनालयाचा कॅटलॉग, तर ट्रान्सफॉर्म सर्व्हरवर न्या. तीच स्टाइलशीट एक्सएसएलटीप्रॉक या कमांडने, पीएचपीच्या एक्सएसएल एक्सटेन्शनने किंवा पायथनच्या एलएक्सएमएलने चालते आणि बाहेर साधं एचटीएमएल पडतं, ते कुठल्याही मोबाइलवर दिसतं. यादी आठवड्यातून एकदाच बदलत असेल तर एचटीएमएल एकदा बनवून अपलोड करून टाका, नवीन काम असेल तर ब्राउजरच्या एक्सएसएलटीवर बांधूच नका.

कुठे थांबायचं

साइटमॅपमधे तुमच्या नसलेल्या लिंका, जपानी अक्षरं, औषधांची नावं दिसली तर थांबा, ही सजावटीची भानगड नाही, साइट हॅक झालीय, लगेच जाणकाराला बोलवा आणि तोवर काही डिलिट करू नका, पुरावा जातो.

फाइल डिजिटल सही असलेली असेल, उदाहरणार्थ आधारची ऑफलाइन केवायसीची एक्सएमएल, तर तिच्यात स्टाइलशीटची ओळसुद्धा घालू नका. एक अक्षर बदललं की सही जुळत नाही. आणि असली फाइल "ऑनलाइन व्ह्यूअर" म्हणवणाऱ्या साइटवर टाकू नका, त्यात तुमचं नाव, पत्ता, फोटो सगळं असतं.

सर्व्हरचं कॉन्फिगरेशन बदलावं लागतंय आणि बॅकअप नाही, किंवा त्या सर्व्हरवर दुसऱ्यांच्याही साइट्स आहेत, तर होस्टिंगवाल्याला तिकीट टाका. पाचव्या पायरीतली रिकामी ओळ प्लगिन बंद करूनही जात नसेल तर पीएचपी येणाऱ्या माणसाकडे द्या. देताना त्याला साइटमॅपचा आणि स्टाइलशीटचा पूर्ण पत्ता, कन्सोलमधली पहिली लाल ओळ जशीच्या तशी कॉपी करून, दोन्ही फाइल्सचे कंटेंट टाइप, आणि गेल्या आठवड्यात काय अपडेट केलं किंवा बदललं ते लिहून द्या.